शौचावाटे जाणारे रक्त आणि आपली लाज



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीसंबंधी चार शब्द बोलावेत अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करीत आलो आहे. तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. मी मात्र त्यांना विषय कळविला तो असा : शौचावाटे जाणारे रक्त. दूरध्वनीवर काही वेळ शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, "अहो, समोर भगिनी बसलेल्या असतात." मी म्हटले, "म्हणूनच हा विषय घेतो. भगिनींना आतडी नसतात असे मी कोठे वाचलेले नाही." (हशा) त्यांनी परवानगी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आरंभीच सांगतो की मी डॉक्टर नाही. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या पुस्तकांतून, आणि आजारी सभासदांना घेऊन इस्पितळांच्या बाकांवर ताटकळत बसलो त्यातून. तेव्हा औषध सुचविण्याचा अधिकार मला नाही आणि मी ते सुचविणारही नाही. पण डॉक्टरकडे केव्हा जावे हे सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. कारण तो अधिकार मी फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे. ती किंमत मी दिली नाही, दुसऱ्याने दिली. तीच हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या संघटनेत एक जॉबर होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगाने धट्टाकट्टा, बोलायला मोकळा. आठ वर्षांपूर्वी एका द्वारसभेनंतर तो माझ्याबरोबर चालत निघाला आणि बाकीचे पांगल्यावर म्हणाला, "अण्णा, संडासला रक्त पडतंय बघा. दुखत मात्र काय न्हाई." मी विचारसुद्धा केला नाही. म्हणालो, "अरे, मूळव्याध आहे ती. बाराबारा तास मागापाशी उभं राहून दुसरं काय होणार? सुरण खा, ताक पी, तिखट कमी कर." त्यालाही बरे वाटले, मलाही बरे वाटले. 'दुखत नाही' या दोन शब्दांनी आम्हा दोघांचेही समाधान झाले.

त्यानंतर त्याने काय केले, तर आपण सगळे करतो तेच केले. सुरण खाल्ला. दुकानातून मलम आणले. 'मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी पाटी असलेल्या एका माणसाकडून पुड्या घेतल्या. एका दवाखान्यात गेला, तेथे टेबलापलीकडूनच प्रश्न विचारून गोळ्या दिल्या गेल्या. मधूनमधून रक्त थांबे, की औषध लागू पडले म्हणून तो पाळीवर जाई. असे दीड वर्ष गेले. मग त्याचे कपडे ढिले होऊ लागले. बीम उचलताना धाप लागू लागली. तेव्हा कोठे मी त्याला मोठ्या इस्पितळात नेले. तेथल्या तरुण डॉक्टरने त्याला कुशीवर निजविले, हातमोजा चढविला, बोटाने आतून तपासले, आणि मिनिटभरात त्याचा चेहरा बदलला. गुदाशयात कर्करोगाची गाठ होती. ती बोटाला लागत होती. दीड वर्ष ती तेथेच होती, आणि तेवढ्या अवधीत कोणीही बोट लावून पाहिले नव्हते.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच. 'मूळव्याध' हे निदान आहे, लक्षण नव्हे. रक्त हे लक्षण. लक्षण रोग्याला दिसते. निदान तपासणाऱ्याने करावयाचे असते. आपण मात्र रक्त दिसताक्षणी स्वतःच निदान करून मोकळे होतो. मी तर दुसऱ्याचे केले, आणि तेही रस्त्याने चालता चालता.

या रक्ताची वाट कशी असते ते पाहू. मोठे आतडे सुमारे दीड मीटर, म्हणजे पाच फूट लांब असते. त्याच्या शेवटच्या बारा ते पंधरा सेंटिमीटरना गुदाशय म्हणतात, आणि त्याखाली गुदद्वाराचा सुमारे चार सेंटिमीटरचा मार्ग असतो. जठरापासून येथपर्यंत कोठेही रक्तस्राव झाला, तर ते रक्त बहुधा याच दाराने बाहेर पडते. आपल्याला दार दिसते. रक्त कोणत्या खोलीतून आले ते दिसत नाही.

थोडा अंदाज रंगावरून बांधता येतो. रक्त लालभडक असेल तर ते बहुधा दाराजवळचे असते. गडद, विटकरी किंवा जांभळट असून मलात मिसळलेले असेल तर ते वरच्या आतड्यातले असू शकते. आणि मल डांबरासारखा काळाकुट्ट, चिकट व विलक्षण दुर्गंधीचा असेल, तर रक्तस्राव बहुधा जठरात किंवा त्यालगतच्या आतड्यात, म्हणजे अल्सरसारख्या एखाद्या व्रणातून होत असतो. जठरातील आम्लाने आणि पाचक रसांनी रक्त काळे पडते. मल असा काळा दिसण्यास अर्धी वाटी रक्तही पुरते. आमच्या कामगारांत हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. कारण पाठ, गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात, आणि त्या जठराचे अस्तर खातात. पुष्कळांना वाटते, 'काळे आहे, म्हणजे रक्त नव्हे.' वस्तुतः ते लाल रक्तापेक्षाही तातडीचे असते. अर्थात, लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो आणि बीट खाल्ल्याने लाल दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. उगाच घाबरू नये.

रंगाने अंदाज येतो, निर्णय होत नाही. वेदनेचेही तसेच, आणि येथे आपली सर्वांत मोठी फसगत होते. गुदद्वाराच्या मार्गात साधारण मध्यावर एक सीमारेषा असते. तिच्या खालच्या भागाला कातडीसारख्या वेदनेच्या नसा आहेत. वरच्या भागाला तशा नाहीत. म्हणून दाराशी चीर पडली, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात, की शौचाच्या वेळी काच फिरविल्यासारखे दुखते, आणि पुढे कित्येक तास ठणकते. रक्त मात्र रेघभरच असते. उलट रेषेच्या वरच्या आतल्या मूळव्याधीतून रक्ताचे थेंब टपकतात, कधी पिचकारीसारखे उडते, आणि दुखत काहीच नाही. पण श्रोतेहो, त्याच रेषेच्या वर गुदाशयात कर्करोगाची गाठ वाढू लागली, तर आरंभी तीही दुखत नाही. 'दुखत नाही' हे शब्द म्हणजे दिलाशाचे प्रमाणपत्र नव्हे. मी आणि तो जॉबर त्या शब्दांवरच विसंबलो होतो.

आता तुम्हाला भिवविणे हा माझा हेतू नाही. रक्त दिसलेल्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीर, असेच साधे कारण असते. शिवाय पाण्यात रक्त फार दिसते. चार थेंबांनी सारे भांडे लाल होते. आमांश, म्हणजे रक्ताची आव, हे एक कारण. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे रोग हे दुसरे. आतड्याच्या अस्तरावर मोडासारखा जो उंचवटा वाढतो, ज्याला पॉलिप म्हणतात, ते तिसरे. लहान मुलांतही चीर किंवा पॉलिप आढळतो, आणि गरोदरपणी पुष्कळ स्त्रियांना मूळव्याधीचा त्रास होतो. यांतील बहुतेक गोष्टी बऱ्या होणाऱ्या आहेत. पण कोणती कोणाला आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ज्याला मूळव्याध आहेच, त्यानेही निर्धास्त राहू नये. घरात उंदीर आहे म्हणून साप नसेलच, असा नियम नाही.

कर्करोगाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात भीतीपेक्षा आशा अधिक आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिपपासून सुरू होतो, आणि पॉलिपचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. म्हणजे शत्रू दहा वर्षे उंबरठ्यावर बसलेला असतो. त्या काळात दुर्बिणीच्या लवचिक नळीने तो दिसला, तर त्याच नळीतून तो काढून टाकता येतो. पोटावर चीरही पडत नाही. रोग झाला असला तरी लवकर सापडणे आणि उशिरा सापडणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पाश्चात्य देशांतील आकडे असे सांगतात की, रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर दहांपैकी सुमारे नऊ रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहांपैकी एक किंवा दोन. आणि हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग आहे, असे समजू नये. आपल्याकडच्या इस्पितळांत चाळिशीच्या आतले रोगीही थोडे नाहीत.

दुसरी गोष्ट पंडुरोगाची. रक्त डोळ्यांना दिसेल इतके जात नसले, तरी थेंबथेंब महिनोन्‌महिने जाऊ शकते. बाई फिकी पडली की आपण म्हणतो, बायकांचे असायचेच. पुरुष फिका पडला की म्हणतो, काम फार पडते. लोहाच्या गोळ्या देऊन रक्त भरून काढतात. पण घागर कोठे गळते हे कोणी पाहत नाही. प्रौढ पुरुषाचे आणि पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त कमी झाले, तर 'ते जाते कोठे?' हा प्रश्न डॉक्टरला अवश्य विचारावा.

आता प्रश्न लाजेचा. ही तपासणी म्हणजे काहीतरी परके, आपल्या संस्कृतीला न शोभणारे, असे कित्येकांना वाटते. त्यांनी सुश्रुतसंहिता पाहावी. मी ती मराठी भाषांतरात वाचली आहे. अर्श, म्हणजे मूळव्याध, तपासण्यासाठी आत घालावयाच्या यंत्राचे वर्णन सुश्रुतात आहे : गाईच्या सडाच्या आकाराचे, चार बोटे लांब. पुरुषासाठी त्याची जाडी किती आणि स्त्रीसाठी किती, हेसुद्धा वेगळे सांगितले आहे. आजची प्रॉक्टोस्कोप नावाची नळी त्याच जातीची. तेव्हा इतक्या प्राचीन काळी आपल्या वैद्याला पाहण्याची लाज वाटली नाही आणि रोग्याला दाखविण्याची वाटली नाही. आपण मात्र विसाव्या शतकानंतर एकविसावे उजाडले तरी पुड्यांवर विश्वास ठेवतो. शास्त्र शिकलेला वैद्य निराळा, आणि भिंतीवर पाट्या रंगविणारा निराळा. दाहक औषधे लावून कोंब जाळणाऱ्या भोंदूंच्या हातून गुदद्वार आकसून कायमचे अधू झालेले लोक मी पाहिले आहेत.

आता केव्हा जावे ते सांगतो. एवढे तरी घरी गेल्यावर दुसऱ्या कोणाला सांगा.

तत्काळ, म्हणजे रात्र असली तरी, जावे ते असे : रक्त थांबत नाही किंवा गुठळ्या पडतात; उभे राहताच घेरी येते, घाम सुटतो, छाती धडधडते; मल डांबरासारखा काळा आहे; रक्ताची उलटी झाली; पोटात असह्य दुखते किंवा रक्ताबरोबर ताप आहे; अथवा हृदयरोगासाठी रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे आणि रक्त जाते आहे. अशा वेळी १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, स्वतः वाहन चालवू नये, आणि चालू औषधे डॉक्टरला दाखवावीत. आपल्या मनाने बंद करू नयेत.

आठ-दहा दिवसांत जावे ते असे : रक्त पुन्हा पुन्हा दिसते; शौचाची नेहमीची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदलली आहे, म्हणजे कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब; मल बारीक पडू लागला; शेंब पडते; जाऊन आले तरी पोट साफ झाले नाही असे सारखे वाटते; वजन विनाकारण घटते; थकवा येतो. वय चाळीसच्या पुढे असेल, अथवा आईबाप वा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर रक्त एकदाच दिसले तरी जावे. आणि तरुण असाल, एकदाच रेघभर दिसले आणि थांबले, तरीही पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा सांगून ठेवावे.

तेथे गेल्यावर काय होते? प्रथम प्रश्न विचारतात : किती दिवस, कोणता रंग, मलात मिसळलेले की वरून, दुखते की नाही. मग बोटाने तपासणी. तिला एक-दोन मिनिटे लागतात. संकोच वाटतो, पण सहसा फारसे दुखत नाही. चीर असून फार दुखत असेल तर तसे सांगावे, डॉक्टर थांबतात. स्त्रियांनी स्त्री परिचारिका हजर ठेवण्यास सांगावे. तो त्यांचा हक्क आहे. मग जरूर वाटल्यास नळीने पाहतात, रक्त तपासतात, आणि संशय असल्यास दुर्बिणीने सारे मोठे आतडे पाहतात. त्यासाठी आदल्या दिवशी औषधाने पोट साफ करावे लागते. खरा त्रास काय तो तेवढाच. आणि न तपासताच कोणी गोळ्या लिहून देऊ लागला, तर नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, एकदा तपासून पाहता का?" हे वाक्य माझ्या सभासदांना मी पाठ करायला लावले आहे.

अध्यक्ष महाराज, मी कामगार चळवळीवर बोलणार नाही असे म्हटले खरे, पण चळवळ या विषयात आपोआप येते. मूळव्याध आणि चीर यांचे मोठे कारण बद्धकोष्ठ. कामगाराला बद्धकोष्ठ का होते? मीटरवर मजुरी. एका माणसाकडे सहा-आठ माग. तो संडासला गेला आणि इकडे धागा तुटला, तर कापडात डाग पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणून तो वेग दाबतो, पाणी कमी पितो. स्त्री कामगार तर संडास धड नसतो म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. पिण्याचे पाणी आणि संडास पुरविणे ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविली होती. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ती आहे. डॉक्टर सांगतात, पाणी प्या, भाज्या, कडधान्ये, कोंड्यासकट भाकरी-पोळी खा, कुंथू नका, वेग आला की लगेच जा. उत्तम सल्ला आहे. पण तो अमलात आणण्यासाठी मागापासून पाच मिनिटे सुटका हवी, ही मागणी आमच्या मागणीपत्रात आहे, आणि ती मी वेतनवाढीइतकीच मोठी समजतो. आपल्यापैकी जे कार्यालयात बसतात त्यांची अडचण उलटी आहे : ते मोबाइल घेऊन संडासात अर्धा अर्धा तास बसतात. तेही तितकेच वाईट. (हशा)

उशिराचे दुसरे कारण रोजगार बुडण्याची भीती. तो जॉबरही म्हणाला होता, "दवाखान्यात गेलो तर दोन दिवस मोडतील." १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली, आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे तिचा आरंभ झाला. ज्याचा विमा उतरला आहे आणि वर्गणी नियमित भरली गेली आहे, त्याला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत अधिक काळ व अधिक दराने मिळतो. ज्यांच्यापर्यंत हा विमा पोचत नाही, त्यांच्यासाठी राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुंबईत परळला, गिरणगावातच, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. वाटा आहेत. आपल्या कागदपत्रांची पिशवी निरोगी असतानाच तयार ठेवावी, कारण आजारपणात ती शोधण्याचे त्राण नसते.

त्या जॉबरची हकीकत अपुरी राहिली, ती पुरी करतो. रोग यकृतात पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, पोटावर मलासाठी पिशवी लागली, औषधे झाली. अकरा महिन्यांनी तो गेला. तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "अण्णा, दीड वरसात एकानं बी तपासून बघितलं न्हाई." त्या मला दोष देत नव्हत्या. रस्त्यातले माझे ते बोलणे त्यांना ठाऊकच नव्हते. ते मीच त्यांना त्या दिवशी सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मग आता दुसऱ्यांस्नी तरी नीट सांगा."

ते मी तेव्हापासून करीत आलो आहे. पाळी सुटताना, चहाच्या गाड्यावर, वार्षिक सभेत वेतनाच्या ठरावानंतर. प्रथम लोक हसत. आता विचारायला येतात. दोन वर्षांपूर्वी कांडी भरणारी एक भगिनी पदराआडून कुजबुजली, की चार दिवस झाले, रक्त दिसते आहे. तिला मी मूळव्याध आहे असे म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. "उद्या सकाळी जाऊ," एवढेच म्हटले. बरोबर वहिनी गेल्या. दुर्बिणीतून पॉलिप निघाला, तेथेच काढला गेला, तपासणीत तो निरुपद्रवी ठरला. चौथ्या दिवशी ती कामावर आली. ज्या वाक्याने तिचे काम झाले ते वाक्य आठ वर्षांपूर्वी मला सुचले असते, तर आज हे व्याख्यान कामगार चळवळीवरच झाले असते.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत कोणी हळू आवाजात हे दुखणे सांगितले, तर त्याला सुरण सांगू नका, मलम सांगू नका, हसू नका. त्याच्याबरोबर जा.